मरळ: ओळख, वस्ती व शिकार

पावसाळा लागला कीं, तापीकांठच्या गांवांहून येणारे आमचे विद्यार्थी एक प्रश्न हटकून विचारतात: "गुरुजी, मरळ हा मासा कीं साप?" प्रश्न हंसण्यासारखा नाहीं. मरळीचें डोकें चपटें असून त्यावर सापाच्या डोक्यावर असतात तसे मोठे खवले फरशीसारखे बसविलेले दिसतात. याच कारणानें जुन्या प्राणिशास्त्रज्ञांनीं या माशांस जें ग्रीक नांव दिलें, त्याचा अर्थ 'सर्पशीर्ष' असा आहे. तथापि मरळ हा मासाच होय; तिला कल्ले आहेत, पर आहेत, आणि पाण्याबाहेर तिचा संसार नाहीं.

ओळखण्याची पहिली खूण म्हणजे पाठीवरचा पर. तो डोक्याच्या किंचित् मागून निघून शेंपटीपर्यंत अखंड जातो, व त्यांत एकहि कांटा नसतो. सारे किरण मऊ. शिंगाळ्याला लांब मिशा असतात आणि पाठीवर व कल्ल्यांमागें कठीण कांटे असतात, म्हणून तो बेसावधपणें धरणाऱ्याचा हात फाडतो. वाम मासा लांबट खरा, पण त्याचें तोंड सोंडेसारखें टोंकदार असून पाठीवर सुट्या कांट्यांची रांग असते. मरळीस मिशा नाहींत, कांटे नाहींत. मात्र दांत आहेत, हें तोंडांत बोट घालणारानें विसरूं नये.

मरळीच्या जातीहि एकाहून अधिक आहेत. साधी मरळ वरून काळपट, पोटाशीं पांढुरकी, व कुशीवर तिरपे काळे पट्टे असलेली असते; तिच्या पाठीच्या पराचे किरण मोजले तर ३७ ते ४६ भरतात. मोठी मरळ सव्वा मीटरच्या आसपास वाढूं शकते, तिचे किरण ४५ ते ५५ असतात, आणि लहानपणीं तिच्या शेंपटीच्या मुळाशीं नारिंगी कडेचा काळा डोळा उमटलेला दिसतो. तिसरी 'डोक' ही वीतभर लांबीची. सातपुड्यांतील ओढ्यांसारख्या उथळ पाण्यांतहि ती राहूं शकते, व तिच्या परांच्या कडा नारिंगी असतात. किरण मोजण्याचें काम कंटाळवाणें आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. पण नुसतें रंगावरून नांव ठेवणारा विद्यार्थी हमखास फसतो, कारण गढूळ पाण्यांतील मरळ आणि स्वच्छ पाण्यांतील मरळ एका रंगाची नसते.

आतां तिचा सर्वांत विलक्षण गुण सांगतों. मरळीच्या कल्ल्यांच्या वर एक पोकळी असून तिच्या योगें ती थेट हवेंतील प्राणवायु घेते. दर थोड्या वेळानें ती वर येते, तोंड उघडून हवा घेते व पुन्हां खालीं जाते. ओल्या फडक्यांत ती कित्येक तास जिवंत राहते, म्हणून बाजारांत ती जिवंत विकतां येते व भावहि चांगला येतो. उलट, तिला पाण्याखालीं जाळ्यांत अडकवून वर येऊं दिलें नाहीं, तर हा मासा चक्क बुडून मरतो!

हीच तिची संवय शिकाऱ्याच्या उपयोगीं पडते. जेथें पाणी संथ, शेवाळ दाट व कांठ गवताळ, तेथें बसून पाण्यावर नजर ठेवावी. एकाच जागीं वरचेवर फुगे व वलयें उठलीं तर खालीं मरळ असण्याचा संभव फार. आमच्या जिल्ह्यांत असें पाणी पूर्वीपेक्षां वाढलें आहे. तापीवर सारंगखेडें व प्रकाशें येथें बॅरेज झाल्यापासून वाहती नदी मोठ्या तलावासारखी तुंबून राहते. उत्तरेस अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांच्या सीमेवर नर्मदेचें पाणी सरदार सरोवरामुळें दऱ्याखोऱ्यांत शिरलें आहे. तेथें ज्यांचीं शेतें बुडालीं, त्यांपैकीं कांहीं कुटुंबें आज त्याच पाण्यावर मासेमारी करून पोट भरतात. त्यांच्यापुढें आमच्यासारख्यांनीं हौसेच्या गोष्टी जरा जपूनच बोलाव्या.

अशा पाण्यांत कांठावरून गळ पोंचत नाहीं; एकट्यापुरती लहान होडी लागते. उत्तर ध्रुवाकडील लोकांनीं सीलच्या कातड्याची 'कायाक' नांवाची जी अरुंद नाव शोधून काढली, तिच्याच नमुन्याच्या प्लॅस्टिकच्या नावा घेऊन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हौशी लोक काबेझोन नांवाचा मासा धरतात. स्पॅनिश भाषेंत त्या नांवाचा अर्थ 'मोठ्या डोक्याचा' असा आहे. तोहि मरळीप्रमाणें दबा धरून बसणारा. त्याचा नर अंड्यांची राखण करतो, आणि तीं अंडीं माणसाने खाल्लीं तर विषारी ठरतात. मरळीच्या अंड्यांस असें विष नाहीं. तिचें रक्षण सर्वस्वीं आईबापांच्या दक्षतेवरच आहे.

होडी शेवाळाच्या कडेशीं आणून वल्हें आंत घ्यावें व मुळींच खडखडाट करूं नये. गळास लहान मासा अथवा गांडूळ लावावें. अलीकडे रबरी बेडूकहि मिळतो. तो शेवाळावरून हळूहळू ओढला असतां मरळ खालून झडप घालते. त्या क्षणीं हिसका देण्याचा मोह आवरावा. आमिष नीट तोंडांत गेलें, म्हणजेच तंगूस ताठ करावा. मग तिला शेवाळांत शिरूं न देतां मोकळ्या पाण्याकडे वळवावें. होडींत उभें राहूं नये. तरंगता अंगरखा घातल्यावांचून निघूं नये, आणि वरून हतनूर धरणाचें पाणी सोडल्याची दवंडी ऐकली असेल, तर त्या दिवशीं नदीकडे पाठ फिरवावी.

येथें आमच्या हातून घडलेली एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीं आषाढांत आम्हीं पाण्यावर तांबड्या ठिपक्यांचा एक पुंजका हलतांना पाहिला. ती मरळीचीं पिलें होतीं, हें आम्हांस माहीत होतें. त्यांजवर गळ फिरविला तर राखण करणारी मरळ भुकेनें नव्हे, रागानें झडप घालते, हेंहि माहीत होतें. आम्हीं गळ फिरविला. मासा मोठा होता व आम्ही फार खूष झालों. दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं गेलों, तों पुंजका विसकटलेला, आणि इतर मासे वर येऊन पिलें टिपीत होते. सायंकाळपर्यंत एकहि ठिपका उरला नाहीं. घरीं आणलेल्या त्या माशाची चव आम्हांस आज आठवत नाहीं.

पिलें वाढूं लागलीं म्हणजे त्यांचा तांबडा रंग जाऊन तीं हिरवट-तपकिरी होतात, पुंजका फुटतो, आणि आईबाप त्यांस सोडून जातात. तोंवर ती जागा टाळावी. दसऱ्यानंतर पाणी निवळल्यावर त्याच शेवाळाच्या कडेला गळ टाकण्यास हरकत नाहीं.