धावडशीच्या स्वामींची खतावणी

पालखेडला निजामाला कोंडीत धरणाऱ्या थोरल्या बाजीरावांचं एक पत्र आहे. त्यात मोहिमेची बढाई नाही, नुसतं कर्जाचं रडगाणं आहे. सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडता पडता कपाळाची कातडी सोलवटली, घेणेकऱ्यांच्या तगाद्यानं नरकात पडलो, अशा अर्थाचा मजकूर. आता हे पत्र लिहिलंय कोणाला ते बघा. आईला नाही, भावाला नाही, छत्रपतींनाही नाही. एका संन्याशाला लिहिलंय. आणि खरी मेख पुढेच आहे: पेशव्यांनी ज्यांच्याकडून व्याजानं पैसे उचलले होते, त्यांत हा संन्यासीही होता.

मग हे पत्र शिष्यानं गुरूला लिहिलेलं म्हणायचं, की ऋणकोनं धनकोला? आशीर्वाद मागितलाय, की मुदत? दोनशे नव्वद वर्षं होत आली, अजून कोणी छातीठोकपणे सांगू शकलेलं नाही.

संन्याशाचं नाव ब्रह्मेंद्रस्वामी. मुक्काम धावडशी, साताऱ्याजवळचं डोंगराच्या कुशीतलं गाव. आमच्या माधवनगरहून पुण्याकडे जाणारा माणूस साताऱ्यावरून शेकडो वेळा जातो, पण धावडशीला मुद्दाम वाट वाकडी करणारे थोडेच. मराठी इतिहासात या स्वामींइतका वादग्रस्त साधू दुसरा नाही, असं माझं मत आहे. कोणी त्यांना पेशवाईचे राजगुरू म्हटलं, कोणी भगव्या वस्त्रातला सावकार. दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून पुढे केली ती मात्र एकाच गाठोड्यातली पत्रं.

बदनाम धर्मगुरू म्हटलं की जगाला रोमचे पोप आठवतात. दहाव्या शतकातला बारावा जॉन घ्या. 955 साली गादीवर आला तेव्हा जेमतेम अठराचा. त्याच्यावरचे आरोप वाचून आजही डोळे पांढरे होतात: पोपच्या वाड्याचा कुंटणखाना केला, सैतानाच्या नावानं पेला उचलला, फासे टाकताना जुन्या रोमन देवांना हाका मारल्या, घोड्यांच्या पागेत एकाला दीक्षा दिली, दहा वर्षांच्या पोराला बिशप केलं. 963 च्या धर्मसभेत हे सगळं वाचलं गेलं आणि त्याला पदच्युत केलं. पण हे आपल्याला सांगतो कोण? क्रेमोनाचा बिशप लिउतप्रांद. हा सम्राट ओटोच्या पदरचा माणूस. जॉननं 962 मध्ये ज्याला राज्याभिषेक केला आणि वर्षाच्या आत ज्याच्याशी त्याचं बिनसलं, तोच हा ओटो. सभेत ओटो आपल्या सॅक्सन बोलीत बोले आणि त्याचा लॅटिन तर्जुमा करून सांगायला उभा लिउतप्रांदच. फिर्यादीचा दुभाषी तोच आणि खटल्याचा बातमीदारही तोच! म्हणून जॉन धुतल्या तांदळासारखा ठरत नाही. 964 मध्ये रोमला परतल्यावर त्यानं विरोधकांचे हात-नाक छाटले. पण त्याच्या बदनामीतला मोठा भाग शत्रूच्या दौतीतून आलेला आहे.

स्वामींची गोष्ट बरोबर उलटी. त्यांच्याविरुद्धचा सगळ्यात जड पुरावा त्यांच्या स्वतःच्या दप्तरातून निघालाय. शत्रूला एक ओळ लिहावी लागली नाही.

परंपरा सांगते की स्वामींचा जन्म 1649 च्या सुमाराचा, वऱ्हाडातला. काशीला संन्यास घेतला, तीर्थं केली आणि फिरत फिरत चिपळूणजवळच्या परशुरामाच्या डोंगरावर येऊन राहिले. सांगली-मिरजेकडच्या कितीतरी कोकणस्थ घरांचं मूळ घाटाखाली आहे, त्यांना परशुराम म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. मोडकळीला आलेल्या या देवस्थानाला स्वामींनी पुन्हा ऊर्जितावस्था आणली. तेव्हाचं कोकण म्हणजे तीन मालकांचं घर. जंजिऱ्याचा सिद्दी, कुलाब्याचे आंग्रे आणि वर घाटावर सातारकर शाहू महाराज. तिघांचं एकमेकांशी पटेना, पण तिघांच्याही दारी स्वामींना मान. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ त्यांचे भक्त होते. स्वामींच्या आशीर्वादानं आणि शब्दानं बाळाजींना 1713 मध्ये पेशवाई मिळाली, अशी आख्यायिका पुढे रूढ झाली. आशीर्वाद मिळाला असेल. पण शाहूंच्या पडत्या काळात फौज उभी करणाऱ्या माणसाला पेशवा व्हायला त्याची स्वतःची करामत पुरेशी होती.

आता हत्तीची भानगड. ही गोष्ट कादंबरीकारानं रचली असती तर आपण म्हटलं असतं, जरा अतीच होतंय.

सावनूरच्या नबाबाकडून मिळालेला एक हत्ती सिद्दी सात याच्यासाठी कोकणात उतरवला जात होता. सिद्दी सात म्हणजे जंजिऱ्याच्या बाजूचा गोवळकोट-अंजनवेलचा सरदार. या देवघेवीत मध्यस्थ होते स्वामी. वाटेत आंग्र्यांच्या माणसांनी हत्ती अडवला आणि आपल्याकडे नेला. सिद्दी साताच्या डोक्यात आलं की हा बनाव स्वामींचाच. 1727 च्या महाशिवरात्रीला, डोंगरावर यात्रा भरलेली असताना, त्यानं परशुरामावर घाला घातला. देऊळ लुटलं, मोडलं. धन कुठे पुरलंय ते सांगा म्हणून ब्राह्मणांचे हाल केले. पुढे स्वामींनी आंग्र्यांकडून हत्ती सोडवून सिद्दीकडे पाठवला, लुटीतलं काही परतही आलं. पण स्वामींचं मन उडालं ते उडालंच. त्यांनी कोकण सोडलं, घाट चढून साताऱ्याच्या आश्रयाला आले आणि धावडशीला बस्तान बसवलं. परशुरामाला विसरले मात्र नाहीत. इथेही भार्गवराम म्हणून त्यालाच बसवला.

इथून स्वामींचं दुसरं आयुष्य सुरू होतं आणि वादही इथेच पेटतो. सिद्दीचं पारिपत्य करा म्हणून त्यांनी पत्रांवर पत्रं धाडली. शाहूंना, पेशव्यांना, आंग्र्यांना. 1733 मध्ये बाजीराव जंजिऱ्यावर उतरले. रायगड परत मिळाला, जंजिरा हाती आला नाही. 1736 मध्ये बाजीरावांचे भाऊ चिमाजीअप्पा यांनी रेवसच्या बाजूला झालेल्या लढाईत सिद्दी साताला ठार केलं. तेव्हा प्रश्न असा की ही मोहीम राज्याची, की एका दुखावलेल्या साधूची? माझा कौल राज्याकडे आहे. सिद्दीशी झगडा शिवाजी महाराजांच्या काळापासूनचा होता, स्वामी परशुरामावर यायच्या कितीतरी आधीचा. स्वामींनी आगीत तेल ओतलं, पण चूल त्यांनी पेटवली नव्हती. शिवाय इतका जबरदस्त गुरू पाठीशी असता तर बाजीराव जंजिरा घेतल्याशिवाय माघारी फिरते का? आंग्रे बंधूंचंही तेच. 1733 मध्ये सेखोजी वारल्यावर संभाजी आणि मानाजी एकमेकांच्या उरावर बसले, स्वामी दोघांनाही समजावत राहिले आणि दोघांनीही ऐकलं नाही. राजगुरूचा दरारा पत्रांच्या मायन्यात जितका दिसतो, तितका घटनांत दिसत नाही.

जरा ही पत्रं जवळून बघू. हातकागदाची लांब पट्टी. आधी बोरूनं आडवी रेघ ओढायची आणि तिला लटकती मोडी अक्षरं लिहीत जायचं, हात न उचलता. दोन शब्दांत जागा सोडलेली नाही, विरामचिन्ह तर नाहीच. माथ्यावर परमहंस बावांच्या, म्हणजे स्वामींच्या, चरणी दंडवत, मग क्षेमकुशल, मग एकदम व्यवहार. वसईच्या वेढ्यात माणसं कशी पडली हे चिमाजीअप्पा स्वामींना कळवतात. छत्रपतींच्या आणि आंग्र्यांच्या घरातल्या स्त्रियाही लिहितात. बातमी, नवस, वस्तूंची मागणी, भांडणाची कैफियत, पैशाचा हिशेब, सगळं एकाच दमात. खाली तारीख असते ती बहुधा महिना आणि तिथी, किंवा मुसलमानी महिन्याचा अमुक चंद्र. सालाचा पत्ता नाही. वाचणाऱ्याला साल ठाऊकच होतं, मग लिहायचं कशाला? म्हणून इतिहासकाराला मजकुरात आलेला वेढा, कोणाचा मृत्यू, वार आणि तिथीचा मेळ असल्या धाग्यादोऱ्यांवरून साल ठरवावं लागतं. साल चुकलं की स्वामींचा सल्ला मोहिमेच्या आधीचा होता की नंतरचा, हेही उलटतं. सल्ला आधीचा असेल तर स्वामी सूत्रधार ठरतात, नंतरचा असेल तर बघे.

ही पत्रं छापून लोकांपुढे ठेवली साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी, 1900 च्या सुमाराला, स्वामींच्या चरित्रासोबत. चरित्र भक्तिभावाचं. त्यात स्वामी म्हणजे पेशवाईमागची प्रेरणा. पण त्याच काळात वि. का. राजवाडे दप्तरं धुंडाळत होते. 1898 मध्ये वाईहून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला होता. पुढे तिसऱ्या खंडात ते स्वामींच्या पत्रांकडे वळले आणि प्रस्तावनेत स्वामींना अक्षरशः झोडपून काढलं. लोभी, सावकारी करणारा, नको तिथे नाक खुपसणारा माणूस. याला कसला राजगुरू म्हणता? राजवाड्यांची लेखणी मुळातच तिखट, त्यात इथे त्यांना चेव चढलेला.

इतका राग का, याचं मला फार दिवस नवल वाटे. आता वाटतं, दोघांच्याही डोळ्यांपुढे रामदास उभे होते. टिळकांच्या काळातल्या महाराष्ट्राला प्रत्येक पराक्रमी राजामागे एक समर्थ गुरू हवा होता. पारसनिसांनी बाजीरावांसाठी तसा गुरू शोधून दिला. राजवाडे रामदासांचे कट्टर अभिमानी, त्यांना या जोडीनं रामदासच बाटल्यासारखे वाटले असणार. दोघांपैकी कोणी स्वामींना रामदासांच्या मापाबाहेर काढून पाहिलं नाही. आमच्या शेजारी मिरजेला वासुदेवशास्त्री खरे याच पिढीत पटवर्धनी दप्तरातले कागद लावत बसले होते. त्यांच्या ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त पानोपानी पटवर्धन सरदार पैशाच्या ओढाताणीत दिसतात. त्या कागदांत मुरलेल्या वाचकाला स्वामींची सावकारी फारशी खुपत नाही.

कारण तो व्यवहारच तसा होता. फौज आधी उभी करायची, घोडी-दाणा-रोजमुरा आधी द्यायचा आणि चौथाई मागाहून यायची, आली तर. मधली खिंड भरून काढायची ती सावकारांनी. बारामतीचे बाबूजी नाईक त्यांतलं बडं प्रस्थ. त्यांच्या शेजारी स्वामींची रक्कम बसते. स्वामींकडे पैसा यायचा इनाम गावांच्या उत्पन्नातून, भिक्षेच्या दौऱ्यांतून, भक्तांच्या भेटींतून. जायचा देवळांकडे, विहिरींकडे, अन्नदानाकडे. मधल्या काळात तो पडून ठेवायचा कुठे? बँका नव्हत्या. माधवनगरच्या पेठेत ज्यानं रोजकीर्द-खतावणी सांभाळली आहे तो सांगेल की पडलेल्या रकमेला मालकाचा संन्यास समजत नाही. युरोपात टेंपलर नावाचे ब्रह्मचारी योद्धे राजांना असंच कर्ज देत. 1307 मध्ये फ्रान्सच्या राजानं त्यांनाच धरून तुरुंगात टाकलं आणि देणं मिटवलं. त्या मानानं पेशव्यांनी कपाळ झिजवण्यावर भागवलं, हे सज्जनपणाचंच म्हणायचं.

पण म्हणून मी स्वामींना सोडून देणार नाही. परमहंस म्हणून चरणी दंडवत घ्यायचे आणि त्याच कागदावर व्याजाची आठवण करून द्यायची, हे त्या काळीही सगळ्यांना रुचलं असेल असं वाटत नाही. दर श्रावणात महिनाभर ते समाधीत बसत, असं सांगतात. बाहेर आले की पुन्हा पत्रव्यवहार, मागण्या, मध्यस्थ्या. एकाच माणसात हे दोन्ही राहत होतं आणि त्याला त्यात विसंगती जाणवत होती याची कुठे खूण सापडत नाही.

1740 मध्ये बाजीराव रावेरखेडीला वारले आणि कर्ज त्यांच्या मुलाच्या, नानासाहेबांच्या माथी आलं. बाबूजी नाईकांनी थकलेल्या रकमेचा लकडा लावला, इतकंच नव्हे तर पेशवेपदच मागितलं. स्वामींनी पद मागितलं नाही. 1745 च्या श्रावणात, ज्या महिन्यात ते एरवी समाधीत बसत त्याच महिन्यात, धावडशीला त्यांनी देह ठेवला. दप्तर मात्र जपलं गेलं, आणि त्यातली पत्रं ज्यांना स्वामी मुळीच आवडले नाहीत त्या राजवाड्यांनीही खंड भरभरून छापली. त्यांच्या प्रस्तावनेशी भांडायचं असेल, तर त्यासाठी लागणारा दारूगोळा त्याच खंडाच्या पुढच्या पानांत आहे.