भिंत वाढवणारी कात्री

जिवाणूची भिंत कापणारं विकर म्हटलं की मोडतोडच डोळ्यांपुढे येते. आपल्या अश्रूंतलं लायसोझाइम तेच तर करतं. पण ई. कोलायकडे मेपएस, मेपएम आणि मेपएच ही विकरं आहेत, आणि ती त्याची स्वतःचीच भिंत कापतात. त्यांची गणती पाडापाडीत नव्हे, बांधकामात व्हायला हवी, असं माझं मत आहे. साखरेच्या साखळ्या आणि त्यांना आडवे बांधणारे पेप्टाइडचे दुवे मिळून पेशीभोवती एकच सलग पिशवी बनते. तिच्यात नवी साखळी बसवायची तर आधीचा एखादा दुवा सुटायलाच हवा. हा तर्क जुनाच. त्याला भक्कम पुरावा 2012 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत मंजुळा रेड्डी यांच्या गटाने दिला.

हे दुवे कापणाऱ्या तिघांपैकी मेपएस आणि मेपएच एनएलपीसी/पी60 कुटुंबातली. त्यांची धार सिस्टीन या एका अमिनो आम्लात असते. ती तपासायची रीत वेळखाऊ, पण निकाल स्वच्छ. पेशी डिटर्जंटमध्ये उकळल्या की रिकामी पिशवी उरते. तिच्या साखळ्या दुसऱ्या विकराने तोडायच्या, तुकड्यांवर मेपएस सोडायचं आणि ते एचपीएलसी या तुकडे वेगळे करणाऱ्या तंत्रातून काढायचे. आलेखावर जोडतुकड्यांचं शिखर बसतं, सुट्यांचं वर चढतं. सिस्टीन बदललं की हे घडत नाही.

कुणी म्हणेल, एकटं मेपएस काढलं तर पेशी मरत नाही. खरं आहे, नेहमीच्या एलबी माध्यमावर ती वाढते, कारण उरलेली दोन काम सांभाळतात; मात्र 42 अंशांवर, कमी मिठाच्या आगरवर अडते. तिन्ही काढली की भिंतीत नवा माल जाईनासा होतो आणि पेशी फुटते. ही तिन्ही कापणारी विकरं नसताना फुटते, हे पाडापाडीच्या हिशेबात बसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार: पेनिसिलिनने जोडणी थांबवली की कापणारी विकरंच पेशीला फोडायला हातभार लावतात. पण त्यातून दिसतं ते इतकंच, की कापणं जोडणीच्या तालात हवं. ई. कोलाय तो ताल राखतो, म्हणून मेपएसला मोकाट सोडत नाही: एनएलपीआय नावाचं प्रथिन त्याला धरून देतं, पीआरसी नावाचं प्रोटीएज, म्हणजे प्रथिनं तोडणारं विकर, त्याचा फडशा पाडतं. पीआरसी नसेल, तर मेपएस पेशीत साचत जातं.