थंडीत रस्त्यात कुणाची गाडी बंद पडलेली दिसली तर...

परवा पहाटे फलटण-लोणंद रस्त्यावर उसाची ट्रॉली टायर फुटून उभी होती. धुकं दाट, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. कारखाने सुरू झाले की आपल्याकडे हे नेहमीचंच.

मदतीला जरूर थांबा. पण खरा धोका मागून येणाऱ्या वाहनाचा असतो, म्हणून पान्याला नंतर हात लावा. आपली गाडी डांबराच्या पूर्ण खाली घ्या, चारही इंडिकेटर लावा, रिफ्लेक्टरचा त्रिकोण बराच मागे ठेवा. दोन वाहनांच्या मधे कधीच उभं राहू नका.

कार असेल तर बहुतेकदा बॅटरी. थंडीत तिची ताकद घटते, इंजिन ऑइलही घट्ट होतं.

जंपर केबल लावताना लाल वायर आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला. बॅटरीजवळ ठिणगी उडाली तर तिच्यातला हायड्रोजन पेटू शकतो. ट्रकची 24 व्होल्टची बॅटरी कारच्या 12 व्होल्टला जोडूच नका.

कुणी जखमी असेल तर 108 ला फोन करा, पोलिसांसाठी 112. चौकशीच्या भीतीने लोक पुढे निघून जातात, याचं फार वाईट वाटतं. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आलंय. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही.

ट्रॉलीवाल्या दादांनी निघताना उसाची मोळी दिली, नको म्हणूनही ऐकेनात!

बॅटरी-केबलबद्दल काही शंका असतील तर बिनधास्त विचारा.