पोक्त वयाचा साज

जयपूरहून सीकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जयपूरपासून तीसेक किलोमीटरांवर चौमूं नावाचे गाव लागते. कछवाहा राजपुतांच्या नाथावत शाखेचे हे जुने ठिकाण. त्यांचा गढीवजा वाडा आजही तेथे उभा आहे. ह्या गावच्या बाजारात एखादा मराठी माणूस गेला, तर कापडाच्या दुकानाशी त्याच्या कानांवर एक ओळखीचा शब्द पडतो. घागऱ्यावर नेसावयाच्या आणि डोक्यावरून घ्यावयाच्या ओढणीला ह्या मुलुखात ‘लूगडी’ म्हणतात. महाराष्ट्रातील लुगड्याची ही सख्खी बहीणच म्हणावयाची. वस्त्र निराळे, नेसण्याची तऱ्हा निराळी. पण शब्द एका घरचा. आणि ह्या शब्दामागे उभा असलेला एक अलिखित कायदाही दोन्हीकडे जवळजवळ सारखाच आहे. स्त्रीने कोणत्या वयात काय ल्यावे, हे तिच्याखेरीज इतर सर्वांनी ठरवावे, असा तो कायदा.

जयपूरच्या आसपासची लूगडी पूर्वी एखाद्या पत्रासारखी वाचता येत असे. श्रावणात, तीजेच्या सणाला लहरिया यावयाचा. तलम कापड तिरपे गुंडाळून त्यावर दोऱ्याचे घट्ट वेढे देतात आणि मग ते रंगात बुडवितात. वेढ्यांखालचे कापड कोरे राहते आणि सोडल्यावर अंगभर पावसाच्या लाटा उमटतात. तेच कापड उलट्या दिशेने गुंडाळून पुन्हा रंगविले, की लाटा एकमेकींना छेदतात आणि त्याला मोठडा म्हणतात. फाल्गुनात पांढऱ्या जमिनीवर लाल रंग खेळविलेला फागणिया निघे. बाळंतिणीला माहेराहून पिवळ्या रंगाचा, लाल काठांचा ‘पीळो’ येई. चुनडी सवाष्णीची. दुरून येणारी स्त्री कोण, तिच्या घरी काय घडले आहे, हे तिचा चेहरा दिसण्यापूर्वी, किंबहुना घुंघटामुळे तो मुळीच न दिसतानाही, तिचे वस्त्र सांगून टाकीत असे.

ह्या रिवाजात सौंदर्य होते, ऋतूंचे भान होते, आणि माहेरची मायाही होती. त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. परंतु तो रिवाज बारकाईने पाहिला, तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यातील रंगांची सारी श्रीमंती नववधूसाठी आणि लेकुरवाळीसाठी आहे. पन्नाशीला पोहोचलेल्या बाईसाठी त्यात फारसे काही शिल्लक उरत नाही. आणि तिच्या वाट्याला वैधव्य आले, तर चुनडी गेली, लहरिया गेला, रंगही गेला. तरुणीला वस्त्रांविषयी सांगितले जाते ते ‘हे नेस’ असे. पोक्त बाईला सांगितले जाते ते ‘हे आता नको’ असे.

महाराष्ट्रात ह्याहून निराळे काय होते? ‘वयाला शोभेल असे’ हे तीन शब्द मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आले आहेत. घरात सून आली, की सासूची चंद्रकळा आणि रुंद काठांची इरकली लुगडी ट्रंकेत जावयाची. डांबराच्या गोळ्यांच्या वासात ती पैठणी वर्षानुवर्षे पडून राहावयाची आणि शेवटी घडीवर विरावयाची. ‘आता काय नटायचे राहिले आहे’, हे वाक्य चाळिशीची बाई स्वतःच म्हणे. म्हणजे इतरांनी ते म्हणण्याची वेळ येत नसे. विधवेची गोष्ट तर ह्याहून कठोर. ब्राह्मण कुटुंबांत केशवपन झालेल्या बाईला जन्मभर आलवण नेसावे लागे. ते लाल, जाडेभरडे, बिनकाठाचे वस्त्र म्हणजे पोशाख नव्हताच. ती शिक्षा होती.

ती शिक्षा संपवावयाला फार काळ लागला. विधवाविवाहाचा कायदा 1856 साली झाला. धोंडो केशव कर्वे यांनी 1893 साली एका विधवेशी विवाह केला आणि 1896 साली विधवांसाठी आश्रमाची स्थापना केली. आलवण हळूहळू दिसेनासे झाले; परंतु त्याच्या मागची समजूत टिकून राहिली. म्हणून तर कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाच्या गावाला 2022 सालच्या मे महिन्यात ठराव करावा लागला, की पतीच्या निधनानंतर स्त्रीच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढून घेणे ह्या प्रथा ह्या गावात पाळल्या जाणार नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरविण्याविषयी कळविले. स्त्रीने काय ल्यावे हा प्रश्न केवळ हौसेचा असता, तर त्यासाठी ग्रामसभेला ठराव करावा लागला नसता. अंगावरच्या एका बांगडीत माणसाची प्रतिष्ठा साठविलेली असते, हे त्या ठरावाने जाहीरपणे मान्य केले.

ह्या दृष्टीने मराठी इतिहासातील दोन स्त्रियांची आठवण उद्बोधक ठरेल. दोघींचा राजस्थानच्या भूमीशी संबंध आला, आणि दोघींनाही ऐन उमेदीत वैधव्य आले.

पहिली अहल्याबाई होळकर. तिचा पती खंडेराव 1754 साली भरतपूरनजीक कुंभेरच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने मारला गेला. पुढे राज्यकारभार तिच्या हाती आला, तिने नर्मदेकाठी महेश्वरला राजधानी केली आणि बाहेरून विणकर आणवून तेथे वसविले. माहेश्वरी साडीचा लौकिक तेथून सुरू झाला. किल्ल्याच्या भिंतींवरील आणि घाटांवरील दगडी कोरीवकामातील आकृती त्या साडीच्या काठांवर उतरल्या. काही साड्यांचे काठ तर असे, की उलट-सुलट कोणत्याही बाजूने नेसले तरी चालावे. चित्रांतून अहल्याबाई दिसते ती मात्र पांढऱ्या साध्या वस्त्रात. रंगांची एवढी जाण असलेल्या बाईने स्वतःच्या अंगावर रंग घेतला नाही. तिच्या काळात तो घेता येत नव्हता. मात्र तिच्या मागांनी पुढच्या दोन शतकांतील असंख्य स्त्रियांना तो मिळवून दिला.

दुसरी बडोद्याची इंदिराराजे. सयाजीराव गायकवाडांची ही कन्या 1892 साली जन्मली. ग्वाल्हेरच्या महाराजांशी ठरलेला विवाह तिने स्वतः मोडला आणि 1913 साली कूचबिहारच्या जितेंद्रनारायणांशी लग्न केले. 1922 साली पती वारले तेव्हा ती तीस वर्षांची होती. पदरी पाच मुले आणि अज्ञान युवराजाच्या नावे चालवावयाचा कारभार. रिवाजाप्रमाणे तिच्या आयुष्यातील वस्त्रांचा अध्याय येथे संपावयाचा. तो खऱ्या अर्थाने येथे रंगला. शिफॉन हे फ्रान्समधील तलम रेशमी कापड तिने साडीच्या रूपात आणले आणि रूढ केले. जरीच्या भारी रेशमापेक्षा ते हलके, उन्हाळ्यात सुसह्य, आणि तरीही दरबारी प्रसंगाला शोभणारे. तिची कन्या गायत्रीदेवी हिने 1976 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आईच्या ह्या चोखंदळपणाचे वर्णन केले आहे. विधवेला फिके वस्त्र नेमून दिलेले. इंदिराराजेने त्या फिकेपणालाच असे रूप दिले, की सवाष्णींनी त्याचे अनुकरण करावे.

ही शिफॉनची साडी गायत्रीदेवीबरोबर 1940 साली जयपूरला आली. 1962 साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, जयपूर मतदारसंघातून गायत्रीदेवी लोकसभेला उभी राहिली आणि पडलेल्या 2,46,516 मतांपैकी 1,92,909 मते मिळवून निवडून आली. ज्या मुलुखात बाईचे वस्त्र तिला झाकण्यासाठी होते, तेथे डोक्यावर हलका पदर घेतलेली, चेहरा उघडा ठेवलेली एक प्रौढ स्त्री गावोगाव सभा घेत हिंडली. तिच्या विजयाचे श्रेय साडीला देणे हास्यास्पद होईल. पण लोकांपुढे उभे राहताना आपण कशा दिसावे हे तिने स्वतः ठरविले होते, आणि त्या ठरविण्यात संकोच नव्हता, एवढे खचित म्हणता येईल.

ह्यावर कोणी म्हणेल, की ह्या राण्यांच्या गोष्टी झाल्या. पागोट्याला पैसे नाहीत तेथे तुऱ्याची चर्चा कशाला? आक्षेप रास्त आहे. परंतु राण्यांपासून घ्यावयाचे ते त्यांचे वैभव नव्हे. स्वतःला ओळखून निवड करण्याची त्यांची रीत तेवढी घ्यावी. उत्तर हिंदुस्थानात ‘आप रुचि भोजन, पर रुचि शृंगार’ अशी एक म्हण आहे. खावे आपल्या आवडीने, नटावे इतरांच्या आवडीने. तरुण वयात ही म्हण बऱ्याच अंशी खरी ठरते. मैत्रिणी काय नेसतात, सासरी काय चालते, दुकानात नवे काय आले आहे, ह्याकडे तेव्हा लक्ष असते. चाळिशी उलटली, की ही ओढ सैल होते. आपल्याला काय खुलते, कशात वावरता येते, कोणता रंग अंगावर घेतला की दिवस बरा जातो, हे वीस-पंचवीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक झालेले असते. शैली म्हणतात ती हीच. फॅशन दुकानात मिळते आणि एका हंगामात शिळी होते. शैलीला वय लागते. म्हणून ती तरुणीपेक्षा पोक्त स्त्रीला अधिक साध्य आहे.

तिची काही साधी व्यावहारिक अंगे सांगता येतील. पहिले अंग कापडाचे. रजोनिवृत्तीच्या काळात अनेक स्त्रियांचे अंग अचानक तापते, दरदरून घाम येतो. अशा वेळी कृत्रिम धाग्याची चकचकीत साडी म्हणजे छळ. धुऊन मऊ पडलेले सूत, मलमल, माहेश्वरीसारखे सूत-रेशमाचे मिश्रण अंगाला सुख देते. जयपूरजवळच्या सांगानेर आणि बगरू ह्या दोन गावांतील ठशांचे सुती कापड ह्या कामी आदर्श आहे. सांगानेरला पांढऱ्या जमिनीवर नाजूक फुले-वेली छापतात. बगरूचे छिपा कारागीर कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवितात, लोखंड आणि गूळ आंबवून काळा रंग करतात, तुरटीच्या साह्याने लाल रंग पक्का करतात, आणि जेथे रंग लागू द्यावयाचा नाही तेथे चिखलाचा लेप देतात. त्या कापडाचे रंग धुण्यागणिक कठोरपणा टाकून सौम्य होत जातात. वयाबरोबर खुलणारे कापड वयाबरोबर खुललेल्या बाईला शोभावे, ह्यात नवल काय?

दुसरे अंग रंगाचे. केस रुपेरी झाले, की चेहऱ्याभोवतीची चौकटच बदलते. काळ्याभोर केसांजवळ जो रंग उठून दिसे तो आता कदाचित भडक वाटेल. उलट जो पूर्वी मळकट भासे, तो राखी, जांभळा किंवा मोरपिशी रंग आता उजळून दिसेल. ह्याचा निर्णय पंचांग पाहून होत नाही. साडीचा पदर खांद्यावर घेऊन, दिवसाच्या उजेडात आरशासमोर उभे राहिले, की तो क्षणात होतो. आणि आरशाने लाल रंगाला कौल दिला, तर साठाव्या वर्षीही लाल नेसावा.

तिसरे अंग मापाचे, आणि बहुतेक स्त्रिया येथेच स्वतःवर अन्याय करतात. दहा वर्षांपूर्वीच्या मापाचा ब्लाउज दंडात रुतत असतो, तरी त्याच मापाने नवा शिवला जातो. कारण वाढलेले माप शिंप्याला सांगावयाची लाज वाटते. शरीराने मुले वाढविली, घर ओढले, दुखणी काढली. त्याचे आजचे माप घेण्यात लाज कसली? काखेत मोकळा, बाहीला हवा तेवढा लांब आणि पाठीवर नीट बसणारा एक ब्लाउज तीन भारी साड्यांच्या तोडीचे काम करतो. गुडघे कुरकुरत असतील, तर निऱ्या बोटभर उंच घ्याव्यात. साडी आवरत नसेल, तर सलवार-कमीज वापरावा. सोय आणि शोभा ह्यांचे मुळात वैर नाही.

ह्या सर्वांहून मोठी गोष्ट आनंदाची. वस्त्राचा आनंद हा केवळ दिसण्याचा आनंद नाही. खळ घातलेल्या सुती साडीची करकर, जुन्या रेशमाचा गारवा, काठावरून फिरणारे बोट, अमुक साडी अमुक प्रसंगी कोणी घेतली ह्याची आठवण, हे सारे त्यात येते. मराठी आजी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवते, ती पांघरुणाची गरज भागविण्यासाठी. पण कोणता तुकडा कोठे लावावयाचा हे ठरविताना तिचे रंगांवरचे प्रेम लपत नाही. जिला गोधडीत रंग जुळविता येतात, तिने स्वतःच्या अंगावर रंग जुळवू नयेत, हा न्याय विचित्र आहे.

तेव्हा कोणाच्या घरी एखादी पोक्त बाई ट्रंक उघडून बसली आणि घडीवर विरू लागलेली पैठणी उन्हात पसरू लागली, तर लेकीसुनांनी ‘हे मला द्या’ म्हणण्याची घाई करू नये. ती कोणत्या ब्लाउजावर चांगली दिसेल, एवढेच विचारावे. चौमूंच्या बाजारात श्रावण आला, की लहरियाच्या घड्या दरसाल उलगडतात. दुकानदार सवयीने विचारतो, ‘बेटीसाठी हवा, की बहूसाठी?’ पिकल्या केसांच्या गिऱ्हाइकाने न अडखळता ‘माझ्यासाठी’ म्हणावे, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही नवल वाटू नये, एवढीच मजल आता गाठावयाची राहिली आहे.