मतदान यंत्राचा खटका

निवडणुकीच्या आदल्या दिवशी शाळेचे रूप पालटते. बाके भिंतीकडे सरकविली जातात, कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहतो आणि वर्गाचे मतदान केंद्र होते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही ठाणे जिल्ह्यातील, कल्याण-कर्जत लोहमार्गावरील शहरे. तेथे २०२४ साली असे दोनदा घडले. २० मे रोजी लोकसभेसाठी आणि २० नोव्हेंबर रोजी विधानसभेसाठी मतदान झाले.

ज्या यंत्रावर हे मतदान होते, ते एकसंध नसते. त्याचे तीन भाग असतात. मतदान अधिकाऱ्याच्या मेजावर कंट्रोल युनिट असते. आडोशामागे दोन भाग असतात : उमेदवारांची नावे व बटणे असलेले बॅलट युनिट, आणि दिलेल्या मताची चिठ्ठी सात सेकंद दाखविणारे व्हीव्हीपॅट. अधिकाऱ्याने अनुमती दिली, की मतदारास एक मत देता येते. त्याने बटण दाबले, की ते मत कंट्रोल युनिटमध्ये नोंदले जाते. अनुमती एका दिशेने जाते, मत दुसऱ्या दिशेने येते. हा सारा व्यवहार तारांमधून चालतो.

मग ह्या तारा कारखान्यातच कायमच्या का जोडून टाकीत नाहीत? कारण यंत्राला प्रवास घडतो. त्याचे भाग निरनिराळ्या पेट्यांत ठेवतात, वाहनातून केंद्रावर नेतात, तेथे जोडतात आणि मतदान संपल्यावर सोडवून पुन्हा पेट्यांत बंद करतात. म्हणून तारेच्या टोकाशी जोड असावा लागतो. ह्या जोडास कनेक्टर म्हणतात. तो सहज बसला पाहिजे, परंतु आपोआप कधीही सुटता कामा नये. जे सहज बसते ते सहज निसटण्याचा संभव असतो. खरी अडचण हीच आहे.

घरातील दिव्याची तार सैल झाली, तर दिवा लुकलुकतो आणि पुन्हा लागतो. इलेक्ट्रॉनिक यंत्राचे तसे नाही. त्याच्या तारांतून विजेच्या अतिशय शीघ्र स्पंदनांच्या रूपाने संदेश जातात. जोड क्षणभर सैल झाला, तरी संदेश तुटतो. मतदान यंत्रात असे झाले, तर कंट्रोल युनिट दोष दर्शविते आणि काम खोळंबते. बाहेर मतदारांची रांग मात्र उभीच असते.

ही अडचण दूर करण्यासाठी जोडाच्या रचनेत तीन गोष्टी साधलेल्या असतात. पहिली, जोड एकाच रीतीने आत जातो. तो उलटा धरला तर बसतच नाही. त्यामुळे घाईतही चुकीची तार चुकीच्या तारेस मिळत नाही. दुसरी, जोडाच्या बारीक पिना समोरच्या खाचांत घट्ट बसतात. पिन व खाच ह्यांचा स्पर्श पक्का असला, तरच वीज विनाअडथळा वाहते. तिसरी गोष्ट म्हणजे खटका.

खटक्याची युक्ती साधी आहे. जोडाच्या दोन्ही अंगांस स्प्रिंगसारख्या पट्ट्या असतात. अशा पट्टीच्या टोकास आकडा असतो. आकड्याची पुढील बाजू उतरती असते. जोड आत ढकलला, की ह्या उतारामुळे पट्टी वाकते आणि आकडा खोबणीच्या काठावरून सरकतो. काठ ओलांडताच पट्टी मूळ जागी परतते व ‘खट्’ असा आवाज होतो. आकड्याची मागील बाजू मात्र सरळ उभी असते. तार ओढली, तर ती बाजू काठास अडते. दाराच्या खटक्याच्या कुलपातही हेच तत्त्व असते.

जोड सोडविताना दोन्ही खटके एकाच वेळी आत दाबावे लागतात आणि मगच तो बाहेर ओढावा लागतो. कोणाचा पाय तारेत अडकला, तर एक हिसका बसेल. पण दोन्ही बाजू एकदम दाबल्या जाणार नाहीत. म्हणजे जोड अपघाताने सुटत नाही, मनुष्याने जाणूनबुजून सोडविला तरच सुटतो. स्क्रूनेही जोड पक्का होतो. परंतु त्यास वेळ लागतो आणि कधीकधी हत्यारही लागते. संगणकाच्या जाळ्याच्या तारेस प्लॅस्टिकचा छोटा खटका असतो, तो ह्याच कुळातला.

उत्तम रचनेलाही वापरणाऱ्याची दक्षता हवी. जोड बसविताना व काढताना कंट्रोल युनिट बंद ठेवतात. तार न ओढता जोडाचे आवरण धरतात. मतदानाच्या दीड तास आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष किमान ५० मतांचे अभिरूप मतदान करून यंत्राची परीक्षा घेतात. मग ती मते पुसून खरे मतदान सुरू होते.

१९८२ साली केरळातील परवूर मतदारसंघात ५० केंद्रांवर मतदान यंत्रे प्रथम वापरली गेली. २००४ पासून लोकसभेच्या सर्व मतदारसंघांत केंद्रांवरील मतदान यंत्रांवर होते. अंबरनाथच्या कारखान्यातील कामगार, उल्हासनगरचा व्यापारी आणि बदलापूरहून रोज लोकलने मुंबईस जाणारी नोकरदार स्त्री, ह्या प्रत्येकास एकच मत असते. ते अशाच तारांतून आणि अशाच जोडांतून जाते. ते मध्येच अडू नये, ह्यासाठी बोटाच्या पेराएवढा खटका दिवसभर आपली जागा धरून असतो.