जेल पॉलिश निघाले, नखांचे काय?

लग्नसराईत बीड, अंबाजोगाईच्या ब्यूटी पार्लरमध्ये आता मेंदीसोबत नेल आर्टही होते. हौसेने लावलेले जेल पॉलिश दोन-तीन आठवड्यांनी काढले, की नखे पातळ, पांढुरकी झालेली दिसतात आणि हिरमोड होतो. दोष बहुधा काढण्याच्या घाईचा. अ‍ॅसिटोनमध्ये १० ते १५ मिनिटे भिजू न देता पॉलिश खरवडले, तर नखाचे वरचे थरही सोबत निघतात. नख महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर वाढते. पूर्ण नवे यायला सुमारे ६ महिने लागतात. तोवर नखांना तेल लावावे, धुण्याभांड्याला हातमोजे वापरावेत. (आपल्याकडे ते घालतो कोण, हा प्रश्न वेगळाच.)

बोटांना खाज, पुरळ किंवा सूज आली, तर मात्र हयगय नको. जेलमधील अ‍ॅक्रिलेट कातडीला लागले किंवा दिव्याखाली पुरते घट्ट झाले नाही, तर अ‍ॅलर्जी होऊ शकते आणि ती सहसा आयुष्यभर राहते. दातात भरायच्या पांढऱ्या सिमेंटमध्येही याच जातीची रसायने असतात. त्यामुळे अशी अ‍ॅलर्जी असल्यास दंतवैद्याला आधीच सांगावे. अशा वेळी पुन्हा पार्लर गाठण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ती सोय आहे. आणि पार्लरमध्ये खरवडणे सुरू झालेच, तर ‘ताई, थांबा, अजून भिजू द्या’ म्हणायला लाजू नये.