पुढे पाठविणे हीदेखील अनुमोदनाच

बेसा येथे घर आणि इतवारी-गांधीबागेत दुकान, असा नित्यक्रम असलेल्या कुटुंबांना १७ मार्च २०२५ ची रात्र विसरता येणार नाही. महाल परिसरातील आंदोलनानंतर पवित्र मजकूर असलेली चादर जाळल्याची अफवा मोबाइलवरून पसरली. महाल, हंसापुरी भागांत दगडफेक व जाळपोळ झाली. अनेक भागांत संचारबंदी लागली, बाजारपेठा ओस पडल्या आणि एका जखमी नागरिकाचा पुढे मृत्यू झाला.

द्वेषाला धर्माचेच निमित्त लागते असे नाही, चेहरेपट्टीही पुरते. आसाममधील हिंसाचारानंतर ऑगस्ट २०१२ मध्ये ईशान्य भारतीयांवर हल्ले होणार, असे संदेश फिरू लागले. भयभीत झालेल्या हजारो विद्यार्थ्यांनी व कामगारांनी पुणे आणि बंगळुरू सोडून गावाची वाट धरली. अखेर केंद्र सरकारला घाऊक एसएमएसवर पंधरा दिवस निर्बंध घालावे लागले.

वंशद्वेषाचे याहून भीषण रूप न्यूझीलंडमध्ये दिसले. १५ मार्च २०१९ रोजी ख्राइस्टचर्च येथील दोन मशिदींत ५१ जणांचे बळी घेणाऱ्या हल्लेखोराने आपले कृत्य फेसबुकवरून थेट प्रक्षेपित केले. पहिल्या चोवीस तासांतच फेसबुकला त्या चित्रफितीच्या पंधरा लाख प्रती हटवाव्या लागल्या. गोळ्या एकाने झाडल्या. त्या दृश्याचा प्रसार मात्र असंख्य हातांनी केला.

अशा संदेशांची घडण सारखीच असते. आधी भय, मग एखाद्या समूहाकडे रोखलेले बोट, शेवटी ‘त्वरित पुढे पाठवा’ ही घाई. विचाराला अवसर न देणे हेच त्यांचे बळ होय. म्हणून उपायाचा प्रारंभ थांबण्यातून होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर दुहेरी बाण दिसल्यास तो संदेश अनेक हातांतून आला आहे, हे ओळखावे. छायाचित्र कोठले व केव्हाचे, हे तपासावे. कुटुंबाच्या गटात असा मजकूर आल्यास वडीलधाऱ्यांनी मौन न धरता तेथेच हटकावे. घरातील तरुण अशा मजकुराकडे ओढला जात असेल, तर रागावण्याआधी त्याचे ऐकून घ्यावे.

कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्ही प्रकारांनी हिंसेचा दोष लागतो, ही शिकवण जैन घरांत नवी नाही. अनोळखी हुंडी पारखल्यावाचून पेढीवर सकारली जात नसे. मग अनोळखी संदेशच पारखल्यावाचून का सकारावा?